बोनेअर: किनाऱ्यावरून स्कूबा, भाड्याचा ट्रक आणि टाक्यांचा हिशेब

खारावारा:

मालदीव आणि अंदमानवर इथे ढीगभर धागे आहेत, म्हणून हा कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर. नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या मंडळींना तिथे जाणं सोपं आहे (अ‍ॅमस्टरडॅमहून साधारण दहा तास, अमेरिकेतून ह्यूस्टन, अटलांटा, मायामीहून थेट विमानं). भारतातून निघणाऱ्यांना दोन दिवस मोडतात, हे आधीच सांगून ठेवतो.

बेट व्हेनेझुएलाच्या उत्तरेला ८० किमीच्या आसपास. क्षेत्रफळ २८८ चौ. किमी, म्हणजे मुंबईच्या निम्मंही नाही. १० ऑक्टोबर २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका, चलन मात्र १ जानेवारी २०११ पासून अमेरिकन डॉलर. मिठाशिवाय फारसं काही पिकत नाही, त्यामुळे टोमॅटोपासून टॉयलेट पेपरपर्यंत सगळं जहाजाने किंवा विमानाने येतं आणि त्याची किंमत तुम्ही भरता.

पाण्यात पाय घालायच्या आधीचा खर्च असा: बेटावर येणाऱ्याला प्रवेश कर ७५ डॉलर (१२ वर्षांपर्यंतच्या मुलांना १०), आणि सागरी उद्यानाचं निसर्ग शुल्क ४० डॉलर, जे त्या कॅलेंडर वर्षापुरतं चालतं. दोन्ही घरून ऑनलाइन भरा आणि पावतीचा क्यूआर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. विमानतळावर वायफायच्या नावाने बोटं मोडत उभं राहण्यात अर्थ नाही.

एवढं महाग, मग जायचं कशाला? डायव्हिंगचा हिशेब तिथे उलटा चालतो म्हणून. इतर ठिकाणी प्रत्येक बोट डाइव्हचे पैसे मोजावे लागतात. बोनेअरला आठवड्याचं पॅकेज घेतलं की हवेच्या टाक्या अमर्याद. पिकअप ट्रकमध्ये टाक्या टाकायच्या, किनाऱ्यावर नावं लिहिलेले पिवळे दगड शोधायचे, गाडी लावायची आणि चालत पाण्यात उतरायचं. पश्चिम किनाऱ्यावर अशा खुणा केलेल्या साठच्या वर जागा आहेत. सहा दिवस रोज तीन म्हटलं तरी अठरा डाइव्ह होतात. ट्रक, खोली आणि टाक्यांचा एकूण आकडा अठराने भागून बघा, मग बोलू.

मात्र बोटीवरचा माणूस जी कामं करतो ती सगळी तुमच्या अंगावर येतात. हवामान बघणं, प्रवाह ओळखणं, परत यायची जागा लक्षात ठेवणं, टाकी तपासणं. बोटीवरच्या क्रूने सिलिंडर पाठीवर चढवायची सवय असेल तर पहिले दोन दिवस जड जातील.

कट्ट्यावरची_मासोळी:

छान धागा, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. मालवणला सिंधुदुर्गाजवळ स्कूबा केलंय. तेवढ्यावर तिथे टाक्या देतील का? आणि व्हिसाचं काय?

खारावारा:

नाही देणार. मालवणला जे करतात त्यात प्रशिक्षक तुम्हाला धरून चार-सहा मीटरवर फिरवून आणतो. तो परवाना नव्हे. किमान ओपन वॉटर कार्ड (स्कूबाचा पहिला परवाना) लागतं. ते करायला तीन-चार दिवस जातात: थिअरी, स्विमिंग पूलमधली कौशल्यं, समुद्रात चार डाइव्ह. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे होऊ शकतं. बोनेअरलाही होतं, पण महागड्या सुट्टीतले चार दिवस मास्कमधलं पाणी काढायला शिकण्यात घालवू नका. घरून करून या.

व्हिसा: बोनेअर नेदरलँड्सचा भाग असलं तरी शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर कॅरिबियन व्हिसा वेगळा असतो. अमेरिकेचा किंवा शेंगेन देशाचा रहिवासी परवाना असणाऱ्यांना सूट मिळते, पण तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर आपल्या कागदांपुरतं तपासाच. आणि आई-बाबा शेंगेन व्हिसावर तुमच्याकडे आलेले असतील व त्यांनाही न्यायचं असेल, तर तो व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा. बोनेअरला गेले की ते शेंगेनबाहेर पडले, परत आत यायला दुसरी एंट्री लागते.

समुद्रफेस:

माझं मत थोडं वेगळं. एवढे पैसे टाकायचे तर मालदीवची लिव्हअबोर्ड (बोटीवरच राहायची डायव्हिंग सहल) घ्यावी. मांटा रे, शार्क, क्वचित व्हेल शार्क. बोनेअरला मोठं काही दिसत नाही.

खारावारा:

सहमत. मोठे प्राणी बघायचे असतील तर बोनेअरला जाऊच नका, पैसे फुकट जातील. तिथलं वैभव छोटं आहे: फ्रॉगफिश, समुद्रघोडे, ऑक्टोपस, ईल, आणि कासवं मात्र मनसोक्त. कासवांना १९६१ पासून संरक्षण आहे, भाल्याने मासेमारी १९७१ पासून बंद, सागरी उद्यान १९७९ चं. ते किनाऱ्याच्या भरतीरेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत पसरलेलं आहे. मासे माणसाला बुजत नाहीत, त्याचं कारण हेच.

अ‍ॅमस्टेलकर:

नेदरलँड्समधून जाणाऱ्यांसाठी, कारण आपलं सगळं सामान इथल्या झीलंड प्रांताच्या थंड पाण्याच्या हिशेबाने जमवलेलं असतं.

१) टाकी. इकडे १२ लिटरची स्टीलची, तिकडे ८० घनफुटाची अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे ११.१ लिटर. स्टीलची टाकी रिकामी झाली तरी बुडते. अ‍ॅल्युमिनियमची भरलेली असताना जेमतेम बुडते आणि संपत आली की तरंगायला लागते, पूर्ण रिकामी झाली की साधारण दोन किलोने वर ओढते. त्यामुळे डाइव्हच्या सुरुवातीला कमरेचं शिशाचं वजन बरोबर वाटतं आणि शेवटच्या सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधीच्या थांब्याला) माणूस बुचासारखा वर जातो. वजनाची तपासणी ५० बार दाब उरलेल्या टाकीवर करा. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) रिकामं, श्वास नेहमीचा, पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. ३ मिमीच्या सूटमध्ये ड्रायसूटच्या निम्मंही वजन लागत नाही, पण वरचे ते दोन किलो विसरू नका.

२) रेग्युलेटर, म्हणजे टाकीतून श्वास घ्यायचं यंत्र. आपले बहुतेक डिन (टाकीत फिरवून बसणारे). तिकडे योक (बाहेरून स्क्रूने आवळायचे) वापरात जास्त. कित्येक टाक्यांच्या व्हॉल्व्हमध्ये काढता येणारा इन्सर्ट असतो, तो अ‍ॅलन कीने काढला की डिन बसतं. पण गंजलेला इन्सर्ट सकाळी साडेसातला निघत नाही. डिन-टू-योक अ‍ॅडॉप्टर बरोबर ठेवा.

३) ओ-रिंग. योक टाकीच्या तोंडावरची रिंग ०१४ नंबरची. दहा-बारा घेऊन जा, वजन शून्य. टाकी उघडल्यावर फर्स्ट स्टेजपाशी (रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग) फुस्स झालं तर लोक स्क्रू आणखी आवळतात. तसं करू नका. टाकी बंद, पर्जचं बटण दाबून प्रेशर सोडा, रेग्युलेटर काढा, रिंग बघा. चिरलेली किंवा चपटी झालेली असेल तर बदला, वाळूचा कण असेल तर पुसा. रिंग चांगली असूनही गळत असेल तर इन्सर्टच्या मागे दुसरी रिंग असते, ती गळते आहे. त्या टाकीच्या नादी लागू नका, दुसरी घ्या. म्हणूनच दोघांसाठी ट्रकमध्ये नेहमी एक टाकी जास्तीची.

४) वीज १२७ व्होल्ट, सॉकेट अमेरिकन. टॉर्च आणि कॅमेऱ्याचे चार्जर बहुधा १००-२४० चे असतात, ते चालतात. घरची २३० व्होल्टची किटली नेली तर चहाला तासभर लागेल.

५) भाड्याच्या गेजवर आकडे पीएसआयमध्ये असू शकतात. ३००० म्हणजे २०७ बार, १००० म्हणजे ६९, ५०० म्हणजे ३४. बडीला (जोडीदाराला) बोटांनी '५' दाखवताना ते ५० बार की ५०० पीएसआय, हे वरच ठरवून घ्या.

कट्ट्यावरची_मासोळी:

टाकी किती वेळ पुरते? सगळे "तासभर" म्हणतात.

अ‍ॅमस्टेलकर:

गणित सोपं आहे, मासोळीताई. पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर हवा लागते असं धरू. १५ मीटरवर दाब अडीच बार, म्हणजे ३७.५ लिटर. २०० पैकी ५० बार राखीव, उरले १५० गुणिले ११.१, म्हणजे १६६५ लिटर. भागाकार ४४ मिनिटं. तेच १० मीटरवर राहिलात तर ५५. नवख्या माणसाला २० ते २५ लिटर लागतात, त्याने १५ मीटरवर अर्धा तास धरावा. बोनेअरची मजा अशी की रीफचा (प्रवाळांच्या रांगेचा) सगळ्यात सुंदर पट्टा ६ ते १५ मीटरमध्येच आहे. खोल जाऊन हवा जाळायची गरज नाही.

तळठाव:

खारावारा यांनी पाण्यात उतरण्याचा भाग दोन ओळींत उडवून लावलाय. तिथे सगळ्यात जास्त लोक पडतात ते त्याच ठिकाणी, म्हणून सविस्तर लिहितो.

किनारा वाळूचा नाही. मेलेल्या प्रवाळाचे हाताच्या पंज्याएवढे तुकडे, मध्येच दातेरी काळा खडक, आणि पाण्याची रेघ सुरू होते तिथे शेवाळलेली सपाट फरशी. ही फरशी सगळ्यात वाईट. गुडघाभर पाण्यात ती संपते आणि एकदम खळगा लागतो, तिथेच काळे अर्चिन (काटेरी समुद्री जीव) बसलेले असतात. जाड तळव्याचे ५ मिमीचे बूट हवेतच. पातळ सॉक्स आणि बंद टाचेचे फिन घेऊन येणारे दुसऱ्या दिवशी दुकानात बूट विकत घेताना दिसतात.

पद्धत: ट्रकच्या मागच्या फळीवर टाकी उभी करून किट चढवा. मास्क गळ्यात, कपाळावर नाही. बीसीडीत निम्मी हवा. रेग्युलेटर तोंडात, उतरायच्या आधीपासून, कारण पडलात तर तोंड पाण्यात असेल. फिन हातात. पाच मिनिटं नुसतं उभं राहून लाटा मोजा. मोठ्या तीन-चार एकदम येतात, मग शांत होतं, त्या शांततेत निघायचं. पाय उचलायचे नाहीत, घासत सरकवायचे, लाटेकडे कुशी करून. बडीच्या खांद्यावर हात. पाणी कमरेला लागलं की उभं राहून फिन चढवायचा प्रयत्न न करता सरळ पाठीवर पडा, तरंगा, मग फिन चढवा. बाहेर येताना उलट: फिन पाण्यात काढा आणि अर्चिन नाहीत हे बघून हातापायांवर रांगत या. बावळट दिसतं, पण घोटा शाबूत राहतो.

हातमोजे घालून उतरायची मुभा नाही. सागरी उद्यानात त्यावर बंदी आहे, हात लावायचा मोह होऊ नये म्हणून. त्यामुळे पडताना तळवा टेकवू नका, कोपर आणि टाकी टेकवा.

आत गेल्यावर ४-६ मीटरची वाळूची पट्टी, साधारण ५० ते १०० मीटर रुंद. मग रीफची कड, मग उतार खाली तीस मीटरच्या पलीकडे. प्रवाह कडेवरच्या समुद्रपंख्यांच्या झुकावावरून ओळखा. आधी प्रवाहाविरुद्ध जायचं, परत येताना तो घेऊन येतो. २०० बारने निघालात तर १३० ला वळा. कडेवर जिथून उतरलात तिथली खूण मागे वळून बघून ठेवा: बोयाचा दोर, विचित्र आकाराचा स्पंज, काहीही. खालून वर बघताना सगळा उतार सारखाच दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडून वाहतो. पश्चिम किनारा आडोशाला असल्यामुळे पाणी तळ्यासारखं शांत दिसतं आणि माणूस फसतो. कारण तोच वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. दूरवर बाहेर आलात आणि पृष्ठभागावरून पोहत यायचं म्हटलं तर तो तुम्हाला बाहेर ढकलत राहतो. म्हणून परतीचा प्रवास पाण्याखालून, वाळूच्या पट्टीवरून, आणि किनाऱ्याजवळ पोचूनच वर. प्रत्येकाच्या खिशात फुगवायचा सिग्नल ट्यूब आणि शिट्टी हवीच, तुमची वाट बघायला तिथे बोट नाही.

खारावारा:

तळठाव, दंडवत. हे मूळ धाग्यातच हवं होतं.

आता ट्रक. डबल कॅब पिकअप, बहुतेक मॅन्युअल गिअर, गाडी उजवीकडून. बेटावर एकही सिग्नल नाही, पण गाढवं आहेत आणि रात्री ती रस्त्यातच उभी असतात. उत्तरेच्या किनारी रस्त्यावर थाउजंड स्टेप्सच्या पुढे वाहतूक एकेरी आहे. एकदा पुढे गेलात की कारपाताहून वर चढून रिंकोन गावावरून फिरून यावं लागतं. म्हणजे "विसरलेला टॉर्च घेऊन येतो" म्हटलं की अर्धा तास गेला. उत्तरेला जाताना साइट्सचा क्रम आधी ठरवा.

चोरी: ट्रक लावून तासभर पाण्याखाली जाणारे लोक हे चोरांसाठी खुलं दुकान आहे. बेटावरचा रिवाज म्हणजे गाडीत काहीच ठेवायचं नाही आणि काचा उघड्या ठेवायच्या, म्हणजे काच तरी फुटत नाही. टॉवेल, पाण्याची बाटली आणि जुनी चप्पल एवढंच. पासपोर्ट, फोन, पाकीट खोलीवर. विम्यात चोरी धरलेली नसते बऱ्याचदा, करार वाचा.

मग किल्ली? बुकिंग करतानाच साधी धातूची किल्ली मागून घ्या, ती बीसीडीच्या डी-रिंगला नाही तर झिप असलेल्या खिशात. इलेक्ट्रॉनिक फोब मिळाला तर ३० मीटरला टिकणारी गोल डबी घ्या आणि पहिली फेरी आत नुसता टिश्यू पेपर ठेवून करा. कोरडा आला तरच फोब ठेवा. डबीच्या रिंगवर एक केस अडकला तरी पाणी शिरतं.

टाक्या ट्रकमध्ये आडव्या, व्हॉल्व्ह ड्रायव्हरच्या दिशेला नको, आणि मध्ये वेट बेल्ट अडकवून ठेवा, नाहीतर वळणावर गडगडतात. भरलेली-रिकामी ओळखायला रिकाम्या टाकीची टोपी काढून टाकायची, हा तिथला सोपा नियम.

समुद्रफेस:

साइट्सबद्दल लिहा ना. हिल्मा हुकर म्हणजे ते गांजाचं जहाज ना?

तळठाव:

तेच. ७२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज. १९८४ साली बंदरात झडतीत गांजा सापडला, जहाज जप्त झालं, मालक पुढे आला नाही, आणि १२ सप्टेंबर १९८४ ला ते बुडालं. उजव्या कुशीवर पडलंय, वरची कड १८ मीटरच्या आसपास, तळ ३० मीटर. ही दिवसातली पहिली डाइव्ह ठेवा. बोयापर्यंत पाण्यावरून पोहा, दोरावरून उतरा, आधी तळाशी प्रोपेलर, मग हळूहळू वर. ३० मीटरवर साध्या हवेने वीस मिनिटांची मर्यादा (शरीरात नायट्रोजन साठतो म्हणून), आणि नवख्याची टाकीही साधारण तेवढ्यातच संपते. आत शिरायचं नाही, जहाज आडवं असल्यामुळे दिशेचा गोंधळ उडतो.

सॉल्ट पिअर: मिठाच्या पांढऱ्या डोंगरांसमोरचा धक्का. खांबांवर लाल, पिवळे, जांभळे स्पंज, मध्ये माशांचे थवे. खोली ५ ते १५ मीटर, नवख्यांना उत्तम. जहाज लागलेलं असेल किंवा येणार असेल तर उतरायला बंदी, दुकानात वेळ विचारून जा. टाउन पिअर रात्रीच, आणि गाइडशिवाय नाही.

थाउजंड स्टेप्स: पायऱ्या सत्तरच्या आतच आहेत, खाली जाताना. टाकी पाठीवर घेऊन वर येताना नाव पटतं.

एंजल सिटीला दुहेरी रीफ. पहिली कड, मग वाळूची दरी, पलीकडे दुसरी रीफ. दुसरीवर जायचं तर दरी ओलांडून परत यायची हवा धरा, १४० ला वळा.

पूर्व किनारा स्वतःच्या ट्रकने करू नका. तिकडे सगळा वारा आणि लाट अंगावर येते. ती बाजू माहीत असलेल्यांच्या बोटीनेच.

खारावारा:

एक भर. प्रवाळांचा तो झपाट्याने पसरणारा ऊतकनाशाचा रोग २०२३ साली बोनेअरला पोचला. ब्रेन कोरलवर पांढरा डाग, आणि काही आठवड्यांत अख्खी वसाहत खलास. उद्यान सांभाळणाऱ्या स्टिनापाने काही साइट्स तात्पुरत्या बंदही केल्या होत्या. कोणत्या चालू, कोणत्या बंद ते पोचल्यावर विचारा. किट प्रत्येक दिवसानंतर दुकानातल्या निर्जंतुक टाकीत बुडवा, मग गोड्या पाण्यात. बीसीडीच्या आत साठलेलं पाणी ओतून टाका, लोक नेमकं तेच विसरतात. दुसऱ्या बेटावरून येत असाल तर किट कोरडं करूनच या.

आणि सनस्क्रीन. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली २०२१ पासून चालत नाहीत. लांब बाह्यांचा लायक्रा घाला, प्रश्नच मिटतो.

अ‍ॅमस्टेलकर:

नायट्रॉक्सवर (जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेवर) कोणी बोललंच नाही. रोज तीन-चार डाइव्ह असतील तर घ्याच. १८ मीटरवर राहायची मर्यादा साध्या हवेने ५६ मिनिटं, ३२ टक्के ऑक्सिजनवर ९५.

समुद्रफेस:

पण वर तुम्हीच म्हणालात की १५ मीटरवर टाकी ४४ मिनिटांत संपते. मग ९५ मिनिटं घेऊन काय लोणचं घालायचं?

अ‍ॅमस्टेलकर:

हाहा, बरोबर पकडलंत. पहिल्या डाइव्हला काहीच फायदा नाही. फायदा तिसऱ्या-चौथ्या डाइव्हला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी, शरीरात साठलेला नायट्रोजन कमी असतो म्हणून. दिवसाला दोनच करणार असाल तर कार्डाचे पैसे वाचवा.

घेतलात तर टाकी स्वतः तपासायची, तिथे तोच शिरस्ता आहे. अ‍ॅनालायझर आधी साध्या हवेवर २०.९ ला लावा. टाकी किंचित उघडा, हवा सावकाश सोडा, आकडा थांबेपर्यंत तीस-चाळीस सेकंद धरा. जोरात सोडली तर आकडा चुकीचा येतो. टेपवर टक्के, कमाल खोली, तारीख, आद्याक्षरं. ३२ ला ऑक्सिजनच्या दाबाची १.४ बारची मर्यादा धरून ३३ मीटर. ३६ ची टाकी घेऊन हुकरच्या तळाशी गेलात तर १.४४ होतं, ते टाळा. आधीच्या माणसाची टेप फाडून टाका. आणि मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर टक्के रोज बघा, काही मॉडेल्स मध्यरात्रीनंतर किंवा काही तासांनी आपोआप हवेवर जातात.

तळठाव:

रात्रीच्या डाइव्हबद्दल. टॉर्च लावला की मोठे टार्पन मागे लागतात. दीड मीटरचा चंदेरी मासा कानाजवळून सप्पकन जातो तेव्हा दचकायला होतं. ते तुमच्या उजेडात शिकार करतात. झोपलेल्या माशावर झोत धरून ठेवू नका, तो क्षणात गिळला जातो.

आणि एक खास गोष्ट: ऑस्ट्राकॉड. तिळाएवढे कवचधारी जीव. पौर्णिमेनंतर दोन ते पाच दिवस, सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने, चंद्र उगवायच्या आत. म्हणजे आपल्या भाषेत वद्य द्वितीया ते पंचमी, संकष्टीच्या आगेमागे. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत उपाशी बसायचा जो वेळ, तोच यांचा. उजेड असताना उतरा, ४-५ मीटरवर मऊ प्रवाळांच्या झुडपांजवळ गुडघे न टेकता तरंगत राहा, अंधार पडला की सगळे टॉर्च बंद. गेजचा आणि कॉम्प्युटरचा उजेडही हाताने झाका. आधी काहीच नाही. मग एक निळसर ठिपका, त्याच्या वर दुसरा, तिसरा, एका सरळ रेषेत, जशी कुणी अंधारात माळ ओवतंय. नर मादीला बोलावण्यासाठी चकाकणारा द्राव सोडत वर जातो. एक सुरू झाला की शेजारचे लागतात आणि दहा मिनिटांत सगळीकडे माळा. कोणी एकाने जरी टॉर्च लावला तरी खेळ खलास. चमकणाऱ्या रासायनिक कांड्या उद्यानात चालत नाहीत, टाकीला लावायला छोटा बॅटरीचा दिवा घ्या आणि त्या वेळी तोही बंद.

कट्ट्यावरची_मासोळी:

हे वाचून तिकीट काढावंसं वाटतंय. अवांतर: शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

खारावारा:

किचन असलेली खोली घ्या, हॉटेलात रोज जेवलात तर टाक्यांचा वाचलेला पैसा पोटात जाईल. तांदूळ, डाळी, भाज्या सुपरमार्केटात मिळतात, भाव बघायचे नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, पोहे घरून. स्थानिकांत फुंची म्हणून मक्याच्या पिठाची घट्ट उकड असते, वड्या पाडून तळतात, ती शाकाहाऱ्याला चालते. सोबत बहुतेकदा बोकडाचा रस्सा येतो, तो वेगळा ठेवायला सांगा. नळाचं पाणी खाऱ्याचं गोडं केलेलं, बिनधास्त प्या. आणि भरपूर प्या. ऊन, वारा आणि टाकीतली कोरडी हवा मिळून अंगातलं पाणी जातं, त्यातून डोकेदुखी आणि डिकम्प्रेशनच्या आजाराचा (अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा) धोका वाढतो.

समुद्रफेस:

आजारी पडलो तर?

तळठाव:

राजधानी क्रालेंडाइकच्या रुग्णालयात रिकम्प्रेशन चेंबर (डिकम्प्रेशनच्या आजारावर उपचाराचा दाबकक्ष) आहे. पण डायव्हिंगचा विमा काढूनच जा, प्रवासाच्या साध्या विम्यात हे बहुधा नसतं. डाइव्हनंतर सांधेदुखी, मुंग्या, विचित्र थकवा आला तर "झोपलो की बरं वाटेल" करू नका. शुद्ध ऑक्सिजन, पाठीवर आडवं, आणि फोन.

किरकोळ गोष्टी: लायनफिश किंवा स्कॉर्पियनफिशचा काटा लागला तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास. आधी बरा पाय घालून पाणी तपासा, दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. फायर कोरलला व्हिनेगर. रोज चार डाइव्ह करणाऱ्यांचे कान चौथ्या दिवशी ठणकतात, बाहेरच्या नळीत पाणी राहून. थेंब डॉक्टरांना विचारून घरूनच न्या.

अ‍ॅमस्टेलकर:

पहिला दिवस आणि शेवटचा दिवस राहिले. पहिली डाइव्ह ओरिएंटेशनची, सक्तीची. दुकानात नियम समजावतात, मग त्यांच्याच धक्क्यावरून उतरून वजन तपासायचं. रात्री उशिरा विमान पोचत असेल तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी. थकलेल्या अंगाने त्याच संध्याकाळी उतरू नका.

शेवटी: बरेच दिवस रोज अनेक डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास कोरडं राहायचं. दुपारी ३ चं विमान असेल तर आदल्या रात्री ९ च्या आत पाण्याबाहेर. लोक २४ धरतात ते बरं, किटही वाळतं. ओल्या बीसीडीचे दोन-तीन किलो आणि विमान कंपनीची वजनमर्यादा, यांचं पटत नाही.

तो दिवस वॉशिंग्टन स्लाखबाय राष्ट्रीय उद्यानाला द्या, निसर्ग शुल्काच्या पावतीवरच आत सोडतात. रस्ते खडबडीत, ट्रक उंच हवा. किंवा दक्षिणेला फ्लेमिंगो आणि मिठागरांच्या कडेच्या गुलामांच्या झोपड्या. १८५० च्या सुमाराच्या, माणूस आत उभा राहू शकत नाही एवढ्या.

कट्ट्यावरची_मासोळी:

शेवटचा प्रश्न. दोघींनीच जायचं आहे, दोघींचीही वीस-पंचवीस डाइव्ह, सगळ्या गाइडबरोबर. जमेल?

तळठाव:

जमेल. पहिले दोन दिवस राहाल तिथल्या हाउस रीफवरच डाइव्ह करा, प्रत्येक वेळी एकीने पुढे राहायचं आणि दुसरीने फक्त वेळ-हवा बघायची, मग अदलाबदल. एका दिवसासाठी गाइड घ्या आणि त्याला मागे राहायला सांगा. तिसऱ्या दिवशी सॉल्ट पिअर किंवा विंडसॉक, उतरायला सोपे. दक्षिणेचे लाटांचे टोक आणि थाउजंड स्टेप्स आठवड्याच्या शेवटी. कंपास बरोबर ठेवा: पश्चिम किनाऱ्यावर हरवलात तरी पूर्व धरली की जमीन लागते.

कट्ट्यावरची_मासोळी:

धन्यवाद तळठावकाका. बूट ५ मिमीचेच घेते.

तळठाव:

आणि ते घालून फिन बसतात का ते दुकानातच बघा. बुटांमुळे फिन एक साइज मोठे लागतात.